व्हर्नन ड्रेसबाख यांची घरगुती काडतुसे

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच निवेदन करणे उचित की, प्रस्तुत हकिकतीत एका अधिकाऱ्याचा अभिमान, एक बिडाचे यंत्र, एक आंबट वास, एका शेजाऱ्याचा सल्ला, एका पत्नीचा संयम व त्या संयमाची समाप्ती, आणि शेवटी एक हरीण, एवढे सर्व येणार आहे. कोमल अंतःकरणाच्या वाचकांनी हरणाची काळजी करू नये. इजा झाली ती इतरांस, आणि ती त्यांनी स्वहस्ते करून घेतली.

आमच्या उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ मुलखात थँक्सगिव्हिंगची टर्की पोटात जिरते न जिरते तोच हरणांचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळा भरत नाहीत, कारण मास्तर जंगलात असतात. आणि कुणी मरू नये अशी अपेक्षा असते, कारण खड्डा खणणाराही जंगलातच असतो. हॉफनॅगल कुटुंबाचा शिकारीसाठी बांधलेला लाकडी कॅम्प बीच वृक्षांच्या टेकडीखाली आहे. त्या कॅम्पाचा दंडक असा की, ज्याचा हरणावरील नेम चुकेल त्याच्या शर्टाचे मागचे शेपूट सर्वांसमक्ष कात्रीने कापावे, त्यावर नाव व साल घालावे आणि ते भिंतीस खिळ्याने ठोकावे. या भिंतीच्या एका कोपऱ्यात व्हर्ननसाहेबांची शेपटे अशी ओळीने लागली होती की, नवखा पाहुणा त्यांस झालर समजत असे. त्यांची पत्नी लोर्ना दर वर्षी हंगामाआधी एक विटका शर्ट वेगळा काढून ठेवी. पतीच्या नेमाविषयी पत्नीने इतके उघड मत बाळगावे हे शास्त्रास धरून नाही. परंतु चांगला शर्ट कापून घ्यावा हेही कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

गेल्या साली कॅम्पाचा म्हातारा स्वयंपाकी हार्वी गुडघ्यांच्या दुखण्यापायी फ्लॉरिडास लेकीकडे गेला. त्याच संध्याकाळी लोर्नाचा भाऊ डेल हॉफनॅगल, जो कॅम्पाचा मुख्य होय, व्हर्ननसाहेबांचे ताजे शेपूट ठोकता ठोकता म्हणाला,

"व्हर्न, नीट ऐक. पुढच्या वर्षी अजून एक शेपूट इथं लागलं ना, की बंदूक माझ्याकडे आणि उलथणं तुझ्याकडे. तव्यातलं बेकन निदान पळून तरी जात नाही."

"माझा नेम बरोबर असतो. दुकानातली काडतुसं भिकार असतात."

"त्याच दुकानातली आम्हीपण आणतो की."

"मग तुम्ही नशीबवान आहात," व्हर्ननसाहेब म्हणाले, आणि पाठीत वारा लागत असतानाही ताठ मानेने बाहेर गेले.

येथे सांगणे प्राप्त आहे की, व्हर्नन ड्रेसबाख हे आमच्या टाउनशिपचे बांधकाम परवाना अधिकारी. कुणाचे कुंपण किती उंच, कुणाची पायरी किती पुढे, हे मोजण्यात त्यांचे आयुष्य गेले. ज्या मनुष्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्या, त्याला स्वतःची चूक दिसण्यास आरसा पुरत नाही, साक्षीदार लागतात. अशा पुरुषाने कालथा हाती धरून कॅम्पातील न्हावी, गवंडी आणि गटार उपसणारे यांस "अंडे कसे हवे?" असे विचारायचे! या कल्पनेने त्यांस महिनोन्महिने झोप लागली नाही. शेवटी त्यांनी प्रतिज्ञा केली की, येत्या हंगामात आपण स्वहस्ते बनवलेलीच काडतुसे झाडू.

काडतूस बनवण्याची रीत सोपी आहे. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, यंत्राच्या साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, आत दारू तोलून घालायची आणि तोंडात गोळी बसवायची. सांगावयास एक वाक्य लागले. व्हर्ननसाहेबांना अख्खा शरद ऋतू लागला.

यंत्र मिळाले सासूबाईंच्या तळघरात. कैलासवासी सासरे ओस्कर हे स्वतः काडतुसे बनवीत; त्यांच्या पश्चात ते बिडाचे धूड आंबवलेल्या कोबीच्या रांजणावर झाकणाचे वजन म्हणून सेवेत होते. सासूबाई इर्मा म्हणाल्या,

"ने बापडा. पण आधी मला तेवढाच जड दगड आणून दे. आणि ओस्करला हे दहा मिनिटांत जमायचं हं, तू उगीच घरभर पसारा करू नकोस."

यंत्र घरी आले ते वासासकट. व्हर्ननसाहेबांनी ते रॉकेलने घासले, तेव्हा कोबीचा वास गेला नाही, रॉकेलचा मात्र येऊन राहिला. लोर्नाने दारातच अट घातली.

"बंदूक आणि काडतुसं एका छपराखाली नकोत मला. दोन्हीतलं एक घराबाहेर."

"मी काय मूल आहे?"

"मूल असतास तर रागावता आलं असतं."

म्हणून बंदूक डेलच्या लोखंडी कपाटात गेली, व काडतुसांचा उद्योग व्हर्ननसाहेबांच्या तळघरात राहिला. आपल्याकडे पूर्वी नवरानवरी अंतरपाट दूर होईपर्यंत एकमेकांस पाहत नसत. तद्वतच या बंदुकीची व या काडतुसांची गाठ मुहूर्तावरच पडावयाची होती. पुढे जे घडले त्याची सोय येथेच झाली.

यंत्र प्रथम लोर्नाच्या शिवणाच्या मेजावर बसवण्यात आले. दांडा खाली ओढला की यंत्र दाबी. वर ढकलला की मेजच उचलले जाई. हा प्रकार कुंपणापलीकडून चेस्टर वोझनियाक तळघराच्या खिडकीतून पाहत होता. चेस्टर हा रेल्वेतून निवृत्त झालेला सिग्नलवाला. त्याच्या कोंबड्यांचे खुराडे हद्दीच्या रेषेवर वीतभर येते म्हणून व्हर्ननसाहेबांनी त्याला ते हलवावयास लावले होते, आणि कोंबड्यांनी त्या धक्क्याने अंडी देणे थांबवले होते. असा शेजारी सल्ला देऊ लागला म्हणजे शहाण्याने कान झाकावे.

"साहेब, मेज हलकं पडतंय. वर मिठाच्या गोण्या टाका. रस्त्यावरच्या बर्फाला टाकायला आणल्यात ना तुम्ही, त्याच."

व्हर्ननसाहेबांनी गोण्या चढवल्या. मेजाने थोडा वेळ विचार केला आणि मग चारी पाय चारी दिशांना पसरून ते खाली बसले. गोण्या फुटल्या. लोर्ना जिन्यात येऊन उभी राहिली, गुडघाभर मिठातल्या पतीकडे पाहत म्हणाली,

"का रे, आता बर्फ घरात पडणार आहे का?"

"मेज निकृष्ट होतं."

"माझ्या आजीचं होतं. ती त्याच्यावर बाळंतीण झाली होती. तेव्हा नाही मोडलं ते."

यानंतर जाड फळ्यांचे भक्कम बाक भिंतीस ठोकून उभे राहिले, आणि व्हर्ननसाहेबांनी पुंगळ्या दाबण्यास आरंभ केला. या पुंगळ्या त्यांनी क्लबच्या नेमबाजीच्या मैदानावर उन्हाळ्यात वेचल्या होत्या; दहा जणांच्या दहा बंदुकांतून उडालेल्या, दहा पोटांच्या घाटाने फुगलेल्या. अशा पुंगळीस साच्यात घालण्यापूर्वी वंगणाचे बोट लावावे लागते. हे सासऱ्यांनी यंत्रावर कोरून ठेवले होते, परंतु व्हर्ननसाहेबांच्या मते वंगण हा दुर्बळ मनगटाचा आधार आहे. पहिलीच पुंगळी कोरडी साच्यात शिरली आणि तेथेच राहिली. त्यांनी दांडा वर रेटला. पुंगळीची कड तुटून हाती आली. ते दांड्याला खालून खांदा लावून उठले. यंत्र ढिम्म. टाउनशिपचा अधिकारी आपल्याच तळघरात बिडाच्या ठोकळ्याशी झोंबतो आहे हे दृश्य ज्याला पाहावयास मिळाले, त्याने खिडकीतून पुन्हा तोंड घातले.

"तापवा, साहेब. तापवलं की सैल होतं."

व्हर्ननसाहेबांनी साचा उतरवून स्वयंपाकघराच्या भट्टीत ठेवला. तासाभराने चेस्टर म्हणाला,

"नाही निघालं? मग गारच करायला पाहिजे. मी सांगणारच होतो."

"मघाशी तापवा म्हणालास!"

"मघाशी ते गार होतं ना."

साचा भट्टीतून बर्फाच्या पेटीत गेला. त्याच भट्टीत दुपारी लोर्नाने चर्चच्या विक्रीसाठी भोपळ्याचे गोड सारण भरलेल्या 'पाय' भाजल्या. पाद्रीसाहेबांच्या पत्नीने एक घास घेतला, बराच वेळ तो तोंडात फिरवला आणि म्हणाली, "लोर्ना, यात तू कोबी घालतेस का गं? आणि... दिव्याचं तेल?" त्या दिवशी ड्रेसबाख घराण्याच्या पाय जशा गेल्या तशा परत आल्या, आणि आठवडाभर व्हर्ननसाहेबांना न्याहारी, दुपारचे व रात्रीचे जेवण म्हणून त्याच वाढण्यात आल्या.

पुंगळी अखेर हातोडीने निघाली. मनुष्य अनुभवाने शहाणा होतो असे म्हणतात. व्हर्ननसाहेब अनुभवाने फक्त सावध झाले. पुंगळी पुन्हा अडकू नये म्हणून त्यांनी वंगण आणले नाही; साचाच थोडा वर घेतला. म्हणजे पुंगळी पुरती आत जाईना, पुरती दबेना, आणि म्हणून अडकेना. सर्व अनर्थाचे मूळ ते हेच. परंतु दांडा आता लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरू लागला, आणि तो फिरतो आहे याचा अर्थ आपल्याला कला साधली आहे असा त्यांनी घेतला. काम सोपे झाले की ते बरोबर झाले असे समजणाऱ्यांची संख्या कचेऱ्यांत कमी नाही.

पुढे दारू तोलण्याची पाळी आली. सासऱ्यांचा नाजूक काटा बाकावर मांडला, तर तो भुतासारखा डुलू लागला. बाकाच्या वरच घर ऊबदार राखणाऱ्या हवेचे भोक होते. व्हर्ननसाहेबांनी काटा हलवला नाही. बाक त्यांनी स्वतः बांधले होते, सबब ते योग्य जागीच होते. त्यांनी ऊबच बंद केली. हे त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सकाळी केले. दुपारी इर्माबाई कोट, टोपी व मफलर अशा जामानिम्यात टर्कीसमोर बसल्या होत्या आणि डेल हातमोजे घालून बटाट्यांचा लगदा खात होता.

"लोर्ना, तुमच्याकडे काही बिघडलंय का गं?" इर्माबाईंनी विचारले.

"काही नाही आई. व्हर्नन खाली तोलतोय."

"किती वेळ?"

"वारा पडेपर्यंत."

डेलने जेवणाचा काटा खाली ठेवला, जिन्यात जाऊन तळघरात ओरडून विचारले, "व्हर्न, एखादं उडवून पाहिलंस का रे?"

"मैदान बंद आहे."

"ते का?"

"तिथल्या संडासाला परवाना नव्हता."

"कुणी बंद केलं पण?"

मग जमिनीखालून उत्तर आले, "सक्षम अधिकाऱ्यानं."

वाचकहो, ते खरेच होते. क्लबाने उन्हाळ्याअखेरीस मैदानाच्या कडेला नवा लाकडी संडास उभारला होता आणि व्हर्ननसाहेबांनी मैदानास कुलूप लावले होते. आता ते कुलूप काढले तर स्वतःच्या सोयीसाठी काढले असे लोक म्हणतील, म्हणून त्यांनी काढले नाही. सत्त्वनिष्ठा ती हीच. फक्त तिची पाळी स्वतःवर आली म्हणजे ती मूर्खपणासारखी दिसते.

डेल वरून म्हणाला, "मग दोन काडतुसं माझ्याकडं आण. बार नको काढू. बंदुकीत बसतात का तेवढं बघू."

"माझ्या कामाची तपासणी करणार तू?"

"तू सगळ्या गावाची करतोस की."

"मला तो अधिकार आहे," व्हर्ननसाहेब म्हणाले आणि दार लावून घेतले.

याच सुमारास चेस्टरने टाउनशिपच्या कचेरीत तक्रार गुदरली की, शेजारी ड्रेसबाख यांनी राहत्या घरात विनापरवाना कारखाना काढला आहे. कचेरीतल्या बर्निसबाईंनी ती व्हर्ननसाहेबांच्या मेजावर ठेवली.

"ड्रेसबाख म्हणून कुणी आहे, त्यांच्याविरुद्ध आलीय. तुम्ही ओळखता का त्यांना?"

"बर्निस, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? नियम तुमचाच. अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन दार ठोठावायचं, ओळख सांगायची आणि मालकाच्या परवानगीनं आत जायचं."

व्हर्ननसाहेब नियमाचे पक्के. ते सरकारी कोट घालून भर दुपारी आपल्या घरी गेले आणि त्यांनी घंटी वाजवली. लोर्नाने दार उघडले.

"किल्ली विसरलास?"

"बाईसाहेब, मी टाउनशिपच्या वतीनं आलो आहे. श्री. ड्रेसबाख यांच्या तळघराची पाहणी करायची आहे."

पायचा तो आठवडा, आजीचे मेज आणि गारठलेली आई लोर्नाच्या डोळ्यांपुढून गेली असावी.

"ते घरी नाहीत," ती म्हणाली. "कामावर गेलेत. संध्याकाळी या." आणि तिने दार लावून घेतले.

कुंपणापाशी चेस्टर उभा होता. "नाही भेटले का? भेटत नाहीत हो ते. मोठा अवघड माणूस आहे."

संध्याकाळी पाहणी झाली. स्वतःस निर्दोष ठरवण्यास व्हर्ननसाहेबांना फार परिश्रम पडले नाहीत. मात्र निःपक्षपातीपणा दिसावा म्हणून त्यांनी जाता जाता चेस्टरचे खुराडे पुन्हा मोजले.

हंगामाचा दिवस उजाडला. दव गोठले होते. नारिंगी कोट घातलेले व्हर्ननसाहेब ओकच्या झाडाखाली आपल्या ठरल्या जागी बसले. लोर्नाने या वेळीही विटका शर्ट काढून ठेवला होता. तो त्यांनी घरीच टाकून नवा इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशात घासून लखलखीत केलेली काडतुसे होती. बंदूक डेलने पहाटे हवाली केली होती. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले न आले तोच समोरच्या मोकळ्या जागेत एक नर हरीण आले. शिंगे अशी की, पाहणाऱ्याने टोपी काढावी. ते ओकची फळे खात खात अगदी जवळ, अंगणात यावे तसे येऊन उभे राहिले.

अंतरपाट दूर झाला. व्हर्ननसाहेबांनी काडतूस बंदुकीत घातले आणि ते नळीत ढकलणारा खटका पुढे रेटला. तो अर्ध्यावर थांबला. काडतुसाचे फुगीर खांदे नळीच्या तोंडाशी अडले. त्यांनी ते काढून दुसरे घातले. तेही थांबले. तिसऱ्याने किंचित आशा दाखवली आणि तेही थांबले. सगळ्यांचा बांधा एकसारखा होता. त्या बाबतीत कारागिरीस नाव ठेवावयास जागा नव्हती. खडखडाट ऐकून हरणाने मान वर केली. त्याने व्हर्ननसाहेबांकडे पाहिले, थोडी वाट पाहिली, पुन्हा खाऊ लागले. व्हर्ननसाहेबांनी काडतूस बाहेर काढून फेकले, बूट उतरवला आणि रिकाम्या बंदुकीच्या खटक्यास टाचेने चोप दिला, जणू अपराध तिचा. हरीण आणखी जरा वेळ थांबले, आणि मग, कचेरीत दिवसभर खोळंबून काम न होता परतणाऱ्या मनुष्याने जावे तसे, मान हलवीत टेकडीपलीकडे गेले.

संध्याकाळी कॅम्पात स्टोव्हभोवती रिवाजाप्रमाणे न्यायसभा भरली. डेल लाकडांच्या पेटीवर बसला. त्याच्या हाती कात्री होती.

"व्हर्न, समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीतून मी सगळं पाहिलं. हरीण उभं होतं. तू एका पायावर उभा होतास. आणि बंदुकीला बुटानं मारत होतास. काय म्हणणं आहे तुझं?"

मंडळी हसून लोळली. परंतु व्हर्ननसाहेब उठले. आयुष्यभर त्यांनी नियमावर अन्न खाल्ले होते, आणि आता नियमच त्यांस तारणार होता.

"दंडक काय आहे?" त्यांनी विचारले. "ज्याचा नेम चुकेल त्याचं शेपूट. बरोबर?"

"बरोबर."

"नेम चुकायला गोळी सुटावी लागते. माझी सुटली का?"

"नाही बुवा."

"बार निघाला?"

"नाही."

"मग मी चुकलो कधी? ज्यानं बार काढलाच नाही त्याचा नेम चुकला असं जगातलं कुठलं न्यायालय म्हणेल?"

गटार उपसणारा मनुष्य म्हणाला, "च्यायला, बोलतोय तर खरं." न्हाव्याने मान डोलावली. डेलने स्टोव्हमध्ये एक लाकूड सारले आणि कात्री खाली ठेवली.

"मान्य. व्हर्ननचा नेम चुकलेला नाही. शेपटाला हात लावायचा नाही."

व्हर्ननसाहेबांनी आपल्या नव्या शर्टाचे मागचे टोक विजारीत नीट खोचले. इतक्या वर्षांत प्रथमच ते अखंड शर्टानिशी त्या भिंतीसमोर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते पाहून आम्हांसही क्षणभर बरे वाटले, हे नाकारता येत नाही.

"आता दुसरी गोष्ट," डेल म्हणाला. "व्हर्ननचंच म्हणणं आहे की त्यानं आज बार काढला नाही. सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

"आज बाकी सगळ्यांनी काढला?"

काढला होता. एकाने तर बुंध्यावर काढला होता आणि त्याचे शेपूट ताजे होते.

"म्हणजे आज इथं शिकार करायला सगळे आले आणि एक जण शिकार न करता जंगलात बसून आला. आमच्या बापानं हा कॅम्प बांधला तेव्हापासून इथं शिकार न करणारा माणूस एकच असतो." त्याने चुलीकडे हात केला. "हार्वी गेल्यापासून ती जागा रिकामी आहे."

युक्तिवाद व्हर्ननसाहेबांचाच होता. तो आता दुसऱ्याच्या मुखी होता, आणि त्यात त्यांना एकही छिद्र सापडेना. त्यांनी खिळ्यावरचे हार्वीचे ॲप्रन काढून गळ्यात घातले. नाडी बांधताना ते म्हणाले की, ही शिक्षा नसून नियुक्ती आहे, हे सर्वांनी ध्यानात घ्यावे. सर्वांनी घेतले. मग त्यांनी उलथणे उचलले, तवा चढवला आणि पाठमोऱ्यानेच विचारले,

"कुणाला काय हवंय?"

"काहीही कर, व्हर्न," डेल बूट काढता काढता म्हणाला. "फक्त आमच्या घशाच्या मापाचं कर."

ही हकिकत मी त्या रात्रीच्या कडक बेकनसह, त्याच स्टोव्हशेजारी बसून पचवली आणि यथामती येथे मांडली. वाचकांनी आपला मोलाचा वेळ खर्चून ती शेवटपर्यंत वाचली, याबद्दल मी त्यांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे. लेखनात काही कमी-अधिक आढळल्यास त्यांनी ते उदार मनाने मोजावे.

आपला नम्र,
केशव तुकाराम गुंजाळ